लोहारकामाचा शेवटचा हात

आठवडी बाजारात कोयते, विळे, खुरपी मांडलेल्या दोन पथाऱ्या अनेकदा शेजारी शेजारी दिसतात. एकीवर कारखान्याचा माल असतो, रंग दिलेला, लेबल चिकटवलेला. दुसरीवर घिसाड्याने किंवा गावच्या लोहाराने बडवून काढलेला. गिऱ्हाईक दुसऱ्या पथारीवरचा कोयता उचलते, अंगठ्याने धार बघते, पात्यावरच्या खळग्यांवरून बोट फिरवते, भाव विचारते आणि पहिल्या पथारीकडे सरकते. लोहाराचा कोयता पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. हे पोलाद वर्षानुवर्षे रस्त्यावरचे खड्डे सोसण्यासाठी बनवलेले. त्याला नीट पाणी दिले असेल, तर साध्या पत्र्यातून कापून काढलेले पाते त्याच्यापुढे टिकत नाही. तरीही तो कोयता पथारीवरच राहतो, कारण त्यावर शेवटचा हात फिरलेला नसतो.

या शेवटच्या हाताला महागडी यंत्रे लागत नाहीत. तारेचा ब्रश, बऱ्यापैकी कानस, हातोड्याचे गुळगुळीत तोंड, थोडे जवसाचे तेल आणि कामाच्या अखेरीस दहा मिनिटे थांबायची तयारी, एवढे पुरते. लोहारकामाबद्दल मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक तर पिढीजात कौशल्याचे कौतुक असते, नाहीतर बुडत्या धंद्याची हळहळ. कौतुकाने कोयता विकला जात नाही आणि हळहळीने तर नाहीच. वस्तू हातात घेतल्यावर ती कशी लागते, कशी दिसते आणि दोन पावसाळ्यांनी कशी राहते, यावर कारागिराचा भाव ठरतो. हा भाग मात्र चर्चेत येतच नाही.

सुरुवात खपलीपासून करावी लागेल. लोखंड तापून लाल झाले की हवेतला ऑक्सिजन त्याला धरतो आणि वर करडा-काळा थर चढतो. ही खपली म्हणजे लोखंडाची तीन ऑक्साइडे एकावर एक. सर्वांत आत वुस्टाइट, त्यावर मॅग्नेटाइट आणि बाहेर हेमॅटाइटचा पातळ पापुद्रा. साधारण 570 अंश सेल्सिअसच्या वर वुस्टाइट तयार होऊ लागते आणि मग थर झपाट्याने जाड होतो. घाव बसला की खपलीचे काही तुकडे उडतात, काही ऐरणीवरच पडून राहतात. पुढच्या तावाला मऊ झालेले लोखंड त्याच तुकड्यांवर टेकवले आणि वरून घण घातला, की ते तुकडे लोखंडात रुततात. पुढे कधीतरी ते गळून पडतात आणि मागे खळगा राहतो. गिऱ्हाइकाच्या बोटाला लागतो तो हाच. पावसाळ्यात पाणी साचते आणि गंज धरतो, तोही याच खळग्यांत.

यावरचा उपाय इतका साधा आहे की तो कोणी उपाय म्हणून सांगतही नाही. लोखंड भट्टीतून काढले की पहिला घाव घालण्याआधी दोन-तीन वेळा तारेचा ब्रश फिरवायचा आणि दर तावाला ऐरण झाडायची. लोखंड लाल असतानाच खपली सुटते. ते काळे पडल्यावर ब्रश घासत बसण्यात अर्थ नाही, कारण तोवर ती घट्ट बसलेली असते. ब्रश मारण्यात ताव फुकट जातो अशी लोहाराची तक्रार असते आणि पातळ पात्याच्या बाबतीत ती खोटीही नाही. पण शेवटच्या दोन-तीन तावांपुरती जरी ही सवय लावली, तरी पाते ओळखू येणार नाही इतके सुधारते.

खपली मुळात कमी धरावी यासाठी काम भट्टीतच सुरू व्हायला हवे. हाताने ओढायच्या भात्याचा एक फायदा होता. हात थांबला की वाराही थांबायचा. आता जागोजागी विजेचा ब्लोअर आला आहे आणि तो पूर्ण जोरात, अखंड चालू असतो. कोळशाला लागते त्याहून जास्त हवा गेली की उरलेला ऑक्सिजन लोखंडावर तुटून पडतो. अशा वेळी वाऱ्याच्या नळीपुढे लोखंड धरणे म्हणजे खपली मुद्दाम वाढवणे. वाऱ्याला झडप हवी. लोखंड नळीच्या तोंडापासून वर, पेटत्या कोळशाच्या पोटात ठेवावे आणि शेवटच्या तावाला वारा निम्म्यावर आणावा. कोळसा वाचतो तो वेगळाच.

आता हातोड्याकडे वळू. लोहाराच्या कामावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसल्या, तर दोष पोलादाचा नसतो. हातोड्याची कड तीक्ष्ण असते, घाव किंचित तिरका पडतो आणि कड लोखंडात घुसते. घाव नेहमी सरळच पडेल अशी खात्री पंचवीस वर्षे भट्टीपुढे बसलेला माणूसही देत नाही. म्हणून हातोड्याचे तोंड अगदी किंचित फुगीर असावे, चारी बाजूंच्या कडा घासून गोल केलेल्या असाव्यात आणि तोंड पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेले असावे. हातोड्याच्या तोंडावर जे ओरखडे आणि टवके असतील, ते प्रत्येक घावाला कामावर उमटतात. ऐरणीचेही तेच. गावोगावी कुठे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तर कुठे जुन्या यंत्राचा जाड ठोकळा ऐरण म्हणून वापरतात. त्यात कमीपणा काही नाही, पण त्याचा वरचा भाग एकदा घासून सपाट करायला आणि एका बाजूची कड गोल करायला अर्धा दिवस पुरतो. तो अर्धा दिवस पुढची कित्येक वर्षे कामी येतो.

रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाचे काम थोडा वेळ उभे राहून बघावे. नवरा सांडशीत पाते धरतो, छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि बायको त्याच जागी घण घालते. ताव उतरेपर्यंत दोघांचा ठेका चुकत नाही. घण थांबला की काम झाले असे मानून पाते बाजूला टाकले जाते. खरे तर तिथून पुढे छोट्या हातोडीचे काम सुरू व्हायला हवे. गर्द लाल, अंधारातच नीट दिसेल इतका कमी ताव घ्यायचा, खपली झाडायची आणि एकमेकांवर थोडे चढणारे हलके ठोके या टोकापासून त्या टोकापर्यंत देत जायचे. आकार बदलायचा नसतो, फक्त आधीच्या घावांचे उंचवटे बसवायचे असतात. इतक्या कमी तावात नवी खपलीही फारशी धरत नाही. जपानी लोहार यात एक युक्ती करतात. ऐरण आणि हातोडा ओला ठेवून तापलेल्या लोखंडावर घाव घालतात. अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, फटाक्यासारखा आवाज येतो आणि खपली उडून पृष्ठभाग स्वच्छ निघतो. करून बघायला हरकत नाही, पण डोळ्यांवर चष्मा हवा.

एवढे झाल्यावर कानस लागते आणि इथे मोठा गैरसमज आहे. ग्राइंडर आल्यापासून कानस म्हणजे मागासलेपणाची खूण झाली आहे. ग्राइंडर वाईट नाही. पण चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फेरे घेते आणि पाणी दिलेल्या पातळ धारेवर ती क्षणभर जास्त टेकली तरी धारेवर निळा डाग पडतो. पोलादाचा तो निळा रंग म्हणजे तिथले तापमान 300 अंशांच्या घरात गेल्याची खूण. धार कडक राहावी म्हणून तिला पिवळ्या किंवा तपकिरी रंगापर्यंतच उतरवलेले असेल, तर निळ्या डागाच्या जागी ती नरम पडली. विळी किंवा अडकित्ता घेताना धारेवर असा डाग दिसला, तर ती वस्तू परत ठेवावी. चकचकीतपणाच्या नादात पाणी घालवल्याचा तो पुरावा असतो.

कानस वापरायचीही पद्धत आहे. दातांत खडू घासून भरला की लोखंडाचा कीस अडकत नाही आणि कामावर खोल ओरखडे पडत नाहीत. शेवटी कानस दोन्ही हातांनी आडवी धरून पात्याच्या लांबीने ओढायची, म्हणजे सगळ्या रेघा एका दिशेने येतात. हे नुसते दिसण्यापुरते नाही. पाणी देताना पोलाद एकदम आकसते, ताणले जाते आणि धारेला आडवा खोल ओरखडा असेल, तर तडा जायला तिथूनच सुरुवात होते. तापवताना वरच्या पातळ थरातला कार्बनही जळून जातो, त्यामुळे धारेवरचा तेवढा थर घासून काढल्याशिवाय खरे कडक पोलाद लागतच नाही. नवा कोयता पहिल्या दिवशी बोथट आणि दोन-तीनदा धार लावल्यावर चांगला चालतो, हा अनुभव अनेक शेतकरी सांगतात. त्यामागे बहुधा हेच असते. पाणी देण्याआधी लांबीने घासलेले पाते म्हणूनच दिसतेही चांगले आणि टिकतेही.

मग येतात कडा. ऊसतोडीच्या हंगामात कोयता पहाटेपासून हातात असतो. नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात आणि मुकादमाची उचलही कोयत्यावर मोजली जाते, इतके ते हत्यार त्या जगण्याच्या मध्यावर आहे. त्याच हत्याराच्या मुठीजवळ पात्याची मागची कड कापल्यासारखी तीक्ष्ण असते, मुठीतून आलेल्या खिळ्याचे टोक वर राहिलेले असते. दर घावाला ते तळहाताला आणि तर्जनीला घासते. कामगार तिथे चिंधी गुंडाळतात, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतात. लोहाराने कानशीचे आठ-दहा हात मारून ती कड मोडली असती आणि खिळ्याचे टोक ठोकून घासले असते, तर चिंधीची गरज पडली नसती. कारखान्यातला मालही यात फार पुढे आहे असे नाही. म्हणजे लोहाराला बाजी मारायला ही जागा मोकळी पडली आहे.

घासूनपुसून काढण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी जॉन डिअर या अमेरिकन लोहाराची गोष्ट ऐकावी. व्हर्मांटहून इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डेटूर गावी येऊन त्याने भट्टी मांडली होती. तिथली काळी, चिकट माती ओतीव लोखंडाच्या नांगराला चिकटून बसायची. शेतकरी थोडे अंतर नांगरून थांबायचे, फळीने माती खरवडायचे आणि पुन्हा बैल हाकायचे. 1837 मध्ये डिअरने लाकडाच्या गिरणीतल्या मोडक्या करवतीच्या पोलादाचा फाळ करून, माती पलटणारा भाग घासून गुळगुळीत केलेला नांगर तयार केला. माती त्यावरून घसरून जाऊ लागली. पुढे त्यातून केवढी मोठी कंपनी उभी राहिली हे ट्रॅक्टर घेणाऱ्याला सांगायला नको. ओल्या काळ्या रानात कुळव-नांगराला चिकटणारी माती मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात 1903 मध्ये लोखंडी नांगर आणला आणि लोखंडामुळे जमीन नासेल ही शेतकऱ्यांची भीती घालवायलाच त्यांचा बराच काळ गेला. आज ती भीती नाही. पण गावच्या भट्टीवर शेवटून आणलेला फाळ किंवा कुळवाची पास अजूनही खपलीसकट शेतात जाते आणि पहिले काही दिवस मातीच तिला घासून देते. ते काम बैलांच्या किंवा डिझेलच्या जिवावर होते.

तयार वस्तूवर काय चढवायचे, यावर सर्वांत जास्त गोंधळ आहे. प्रचलित उत्तर म्हणजे काळा किंवा चंदेरी ऑइल पेंट. तो खपलीवरच फासतात. आतली खपली लोखंडापासून सुटली की रंगही पापुद्र्यासह निघतो आणि खाली गंज तयार असतो. घराच्या खिडकीचे गज आणि फाटके दर दोन-तीन वर्षांनी खरवडावी लागतात, त्याला पुष्कळ अंशी हेच कारण आहे. रंगच द्यायचा असेल, तर आधी खपली काढावी. लहान वस्तू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की सकाळी खपली ब्रशने निघून येते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडी करायची, नाहीतर तासाभरात तांबूस गंज धरतो. काही जण त्याऐवजी संडास धुण्याचे ॲसिड वापरतात. ते टाळावे. त्याचा धूर छातीला आणि शेजारच्या सगळ्या अवजारांना बाधतो आणि कडक केलेले पोलाद अशा ॲसिडने ठिसूळही होऊ शकते.

पण हाताने घडवलेल्या लोखंडाला शोभते ते तेल, आणि त्यासाठी लागणारे जवस विदर्भाच्या शेतात पिकते. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, चिकट राहते. ब्रशने स्वच्छ केलेली वस्तू तेल लावताच धूर निघेल पण पेट घेणार नाही इतपत गरम करायची आणि फडक्याने अगदी पातळ हात द्यायचा. लोखंड काळेभोर आणि मंद तकतकीत होते. जाड थर दिला तर चिकट डाग राहतात, म्हणून लावण्यापेक्षा पुसायलाच जास्त वेळ द्यावा. कडी-कोयंडा, दिवा, खुंटी, फाटकाचे गज यांना हे उत्तम. पाणी दिलेल्या धारेला मात्र इतके तापवू नये, तिला कोमट करूनच तेल लावावे. नवा लोखंडी तवा घरी आणल्यावर आजी तो घासून, तापवून, तेल लावून, वर कांदा फिरवून तयार करायची, त्यातही तेल तापून लोखंडावर असाच पापुद्रा धरतो. तवा-कढईसाठी खायचे शुद्ध तेलच घ्यावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात.

दोन धोके इथेच सांगायला हवेत. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले, तर तेल सुकताना निघणारी उष्णता आत कोंडते आणि फडके काडी न लावता पेटते. ते पसरून वाळवावे किंवा भट्टीत जाळून टाकावे. दुसरे जस्त चढवलेल्या पत्र्याचे किंवा पाइपाचे. तो कधीही भट्टीत घालू नये. जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो.

यावर लोहाराचे उत्तर ठरलेले आहे: "एवढं करून जादा पैसे कोण देतं?" प्रश्न रास्त आहे. गिऱ्हाईक कारखान्याच्या मालाला छापलेली किंमत मुकाट्याने देते आणि घिसाड्याशी दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटे हुज्जत घालते. त्या हुज्जतीनंतर कोणत्या कारागिराचे मन कानस उचलायला होईल? पण उलट बाजूही पाहावी. जपानमध्ये सांजो आणि ताकेफू इथले सुरी घडवणारे लोहार धारेजवळचा भाग घासून चकचकीत करतात आणि पात्याचा वरचा भाग भट्टीच्या काळ्या थरासकट तसाच ठेवतात. कुरोउची नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सुऱ्या जगभरचे आचारी चांगली किंमत देऊन घेतात. तो काळा थर आपल्या कोयत्यावरही असतोच. तिथे तो एकसारखा ठेवलेला असतो, काळ्या आणि पांढऱ्या भागातली रेघ नीट असते, कडा मोडलेल्या असतात. बस्तरच्या कोंडागावचे लोहार ठोकून घडवलेल्या लोखंडी मूर्ती आणि दिवे दिल्ली-मुंबईच्या दुकानांत विकतात, त्यांच्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. आणि पुण्यातल्या जुन्या बाजारात वाड्यांमधून उखडून आणलेले कडी-कोयंडे हौशी माणसे शोधत फिरतात. तसेच कोयंडे घडवू शकणारा कारागीर त्याच शहराच्या कडेला पालात बसलेला असतो.

राहिले सरकार. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि त्यात लोहार आहे, शिवाय हातोडा व अवजारे बनवणाराही वेगळा धरला आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. रक्कम तोकडी असली तरी शेवटचा हात सुधारायला पुरेशी आहे. प्रश्न तिचे काय होणार हा आहे. ब्लोअर आणि ग्राइंडर एवढेच हातात देऊन लोहाराला घरी पाठवले, तर तो आज करतो तेच काम जास्त वेगाने करील. प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस ब्रश, हातोड्याचे तोंड, कानस आणि तेल यांना द्यावा. अवजारांच्या संचात दोन चांगल्या कानशी आणि डोळ्यांचा चष्मा असावा. आणि शिकवायला वर्गात फळ्यावर लिहिणाऱ्याऐवजी ज्याच्या पात्यावर खळगा नाही असा एखादा घिसाडी किंवा लोहार मानधन देऊन बोलवावा. असे कारागीर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. जिल्हा उद्योग केंद्रांनी त्यांना शोधायचे काम या हंगामापासूनच सुरू करावे.